माडीपर्यंत तार

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या भिंती दीड फूट रुंद आहेत, हे वाक्य आमच्या घराण्यात छाती पुढे काढूनच उच्चारण्याची पद्धत आहे. होळकरांच्या अमदानीत आजोबांनी हे घर बांधले, तेव्हा त्यांचा सिमेंटपेक्षा चुन्यावर आणि कंत्राटदारापेक्षा स्वतःच्या काठीवर अधिक विश्वास होता, असे सांगतात. या भिंतींनी मे महिन्यातले ऊन अडवले, गणपतीतले लाउडस्पीकर अडवले आणि एकदा तर वाट चुकलेला टेम्पोही अडवला. वाय-फाय अडवायला त्यांना काही विशेष कष्ट पडले नाहीत.

फायबरची तार आमच्या घरात ओसरीवर शिरते आणि तिथेच राउटर टांगलेला आहे. मुलगा मात्र माडीवरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचे काम करतो. राउटरमधून निघणाऱ्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी जाड भिंत लागली की माघार घेते. २.४ गिगाहर्ट्झची जरा चिवट असल्याने भिंतीतून पलीकडे पोचते, परंतु त्याच पट्टीवर अख्ख्या गल्लीचे राउटर एकाच वेळी बोलत असल्यामुळे तिचे कुणी ऐकत नाही. परिणामी ऐन बैठकीत साहेबांसमोर चिरंजीवांचा चेहरा अर्धवट जांभईच्या अवस्थेत थिजत असे. मग तो लॅपटॉप घेऊन ओसरीवर येई आणि त्याच्या पाठीमागून कुरडयांचे ताट घेऊन जाणाऱ्या काकू पडद्यावरच्या साहेबांना थांबून नमस्कार करीत. मध्ये एक रिपीटरही लावून पाहिला. जे ऐकायचे तेच पुन्हा ओरडून सांगायचे, आणि दोन्ही कामे एकाच लहरीवर करायची, असे त्याचे काम असल्याने वेग जवळजवळ निम्मा होतो. निम्म्याचा निम्मा वेग माडीवर पोचला, तेव्हा तार टाकण्याचा ठराव घरात एकमताने संमत झाला.

एकमत तिथेच संपले. नवी तार आणण्याची भाषा निघताच आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "फोनची वायर आहेच की सगळ्या घरातून फिरलेली. तिचं काय आता लोणचं घालायचंय?"

प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. आमच्याकडे फोन आला तो प्रतीक्षायादीत काही वर्षे काढल्यावर, त्यामुळे त्याचे स्वागतही तशाच इतमामाने झाले. काळे, जडशीळ, चकतीचे ते यंत्र ओसरीवरच्या कोनाड्यात बसवले गेले, काकूंनी त्याच्यासाठी क्रोशाचे आवरण विणले आणि वडिलांनी चकतीच्या भोकात एक लहानसे कुलूप घातले. या कुलपाचा उपयोग फक्त वडिलांच्या समाधानापुरता होता. चकती फिरवल्यावर आकड्याइतके ठोके तारेवर जातात आणि रिसीव्हरखालची खुंटी तितक्याच वेळा दाबली तरी एक्स्चेंजला फरक कळत नाही, हे आमच्या दादाने पहिल्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत शोधून काढले होते. शून्यासाठी मात्र दहा वेळा खुंटी दाबावी लागे, म्हणून शून्य असलेल्या नंबरांचे मित्र त्याने कमी केले. पुढे ओसरीवरून मधली खोली, मधल्या खोलीतून स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून माडी अशी 'पॅरलल' कनेक्शने निघत गेली. एकाने फोन उचलला की बाकीच्या खोल्यांत बारीकसा 'टिंग' आवाज होई आणि मग ज्याला त्या विषयात रस असेल तो आपापल्या खोलीतला रिसीव्हर अलगद उचले. आमच्या घरातली लग्ने जाहीर होण्यापूर्वी स्वयंपाकघरात ठाऊक असत, त्याचे श्रेय या तारेला आहे.

तीच तार आता संगणकाला जोडावी, हा विचार आम्ही ओसरीवर मांडत असतानाच नाना आले. नाना दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक अरुंद बोळ असून काकूंच्या खिडकीतून त्यांच्या खिडकीत साखरेची वाटी सहज पोचते, त्यामुळे त्यांना बोलावणे पाठवण्याची गरज सहसा पडत नाही. भिंतीला शिडी लावलेली त्यांना दिसली होती, आणि शिडी पाहून घरात बसून राहणे त्यांच्या रक्तात नाही.

मधल्या खोलीतली रोझेट, म्हणजे तार जिथे येऊन जोडली जाते ती पांढरी डबी, त्यांनी स्वतः उघडली. डिस्टेंपरच्या अनेक थरांखाली ती भिंतीचाच अवयव झाली होती, म्हणून आधी सुरीने तिची कड मोकळी करावी लागली. झाकण निघाले तेव्हा आत पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफले, एका कोळ्याचे ओस पडलेले जाळे आणि गंजलेले स्क्रू दिसले. स्क्रूंखालच्या तांब्याला पंचपात्राला चढतो तसा हिरवा कळंक चढला होता. एका जोडावर तर इन्सुलेशन टेपऐवजी दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली होती. नानांनी चष्मा वर करून ती पट्टी बराच वेळ न्याहाळली आणि "हे खात्याचं काम नाही," असा निर्वाळा दिला. ते काम वडिलांचे होते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणीही बोलले नाही.

"आजोबा, सॉरी, नाना," चिरंजीव म्हणाले, "यातून गिगाबिटचा, म्हणजे हजार मेगाबिटचा, वेग जाणार नाही. त्याला चार जोड्या लागतात. इथे एकच आहे, आणि तिलाही पीळ नाही. दोन तारा नुसत्या शेजारी-शेजारी झोपल्या आहेत."

पीळ हा शब्द काढायला नको होता. नाना पाटावर बसले आणि ग्रॅहॅम बेलपासून त्यांनी सुरुवात केली. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, हे पेटंट बेलसाहेबाने १८८१ साली घेतले, आणि आज तुम्ही ज्याला नेटवर्क म्हणता ते त्याच पिळावर उभे आहे, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त होता. तारा सरळ शेजारून गेल्या तर बाहेरच्या विजेची खरखर एका तारेत जास्त आणि दुसरीत कमी शिरते. पीळ असला की कधी ही तार खरखरीच्या जवळ येते, कधी ती येते, त्यामुळे दोघींच्या वाट्याला सारखीच खरखर येते आणि पलीकडच्या टोकाला फक्त दोघींमधला फरक मोजला जात असल्याने ती आपोआप वजा होते. एकत्र कुटुंबात सगळ्यांना सारखाच त्रास झाला तर तो त्रास धरला जात नाही, हे तत्त्व आमच्या घरात आधीपासून मान्य असल्यामुळे हा भाग सर्वांना चटकन समजला.

"आणि १९९० साली टेन-बेस-टी नावाचं तारेवरचं इथरनेट आलं," नाना पुढे म्हणाले, "ते फोनच्याच दर्जाच्या केबलवर चालायचं. म्हणजे तुमचं इथरनेट आमच्या तारेवर लहानाचं मोठं झालंय."

"दहा मेगाबिट, नाना," चिरंजीव म्हणाले. "आणि त्यालाही दोन जोड्या लागत होत्या."

नाना क्षणभर थांबले. दोन जोड्यांचा मुद्दा त्यांना तांत्रिकदृष्ट्या मान्य करावा लागला, पण दहा मेगाबिटमध्ये काय कमी आहे, ही तक्रार त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण कुणा लाइनमनच्या घरातच जन्माला आली असावी.

खरी अडचण याहूनही मूलभूत होती. फोनची तार खोलीतून खोलीत जाते, आणि एकाच तारेवर सगळे घर लटकलेले असते. संगणकाच्या नेटवर्कला हा एकत्र संसार चालत नाही. त्याला प्रत्येक खोलीची स्वतंत्र, कुठेही जोड नसलेली तार लागते, आणि त्या सगळ्या तारा एका स्विचपाशी, म्हणजे त्यांना आपसांत जोडणाऱ्या डबीपाशी, येऊन मिळाव्या लागतात. म्हणजे मधल्या खोलीची तार स्वयंपाकघराला द्यायची नाही आणि स्वयंपाकघराची माडीला द्यायची नाही. हे ऐकून काकूंनी "मग वेगळं राहायचंच ठरलं म्हणायचं," एवढेच उद्गार काढले आणि त्या शेंगा सोलायला बसल्या. जुनी तार तरीही अगदी वाया गेली नाही, कारण १९९६ सालच्या डागडुजीत ती प्लास्टरखालच्या पीव्हीसी पाइपांतून नेलेली होती. नवी केबल तिच्या शेपटाला बांधायची आणि जुनीला ओढून काढता काढता नवीला आत घ्यायचे, ही युक्ती नानांचीच.

केबल घ्यायला आम्ही महाराणी रोडवर गेलो. बिजलीच्या सामानाचा हा बाजार इतका दाट आहे की एका दुकानात भाव विचारला तर उत्तर शेजारच्या दुकानातून येते. दुकानदाराने ३०५ मीटरचे खोके काउंटरवर सरकवले आणि भाव ऐकून मला आनंद झाला. नानांना झाला नाही. त्यांनी खोके दोन्ही हातांनी उचलून पाहिले, "हलकं आहे," असे म्हणाले आणि पाकिटातून अर्धे ब्लेड काढले. केबलच्या टोकाची एक तार सोलून त्यांनी ब्लेडने ती हलकेच खरवडली, तेव्हा वरचा तांबूस रंग निघून आत पांढरीशुभ्र धातू चमकली. ही केबल अ‍ॅल्युमिनियमची असून तिच्यावर तांब्याचा केवळ मुलामा होता. बाजारात तिला सीसीए म्हणतात. तिच्यात रोध जास्त, ती वाकवली की लवकर तुटते आणि जोडाशी सैल पडते. दुकानदार अजिबात ओशाळला नाही. "अंकलजी, पहले बोलते ना कि असली चाहिए," असे म्हणून त्याने काउंटरखालून दुसरे खोके काढले. ते उचलताना नानांच्या कपाळावर शीर उमटली, तेव्हा कुठे ते प्रसन्न झाले. भाव सांगताच ती शीर माझ्या कपाळावर आली.

इलेक्ट्रिशियन म्हणून जे गृहस्थ आले त्यांना अख्खी गल्ली 'भिया', म्हणजे भैया, म्हणते, आणि तेही अख्ख्या गल्लीला भियाच म्हणतात. त्यांनी घरभर एक फेरी मारली, भिंतींवर टकटक केले आणि सोपा मार्ग सुचवला, "भिया, लाइट के पाइप में ही डाल देते हैं. जगह पड़ी है." यावर नानांचा आवाज थेट नारायण बागेपर्यंत गेला असावा. २३० व्होल्टच्या तारांसोबत एकाच पाइपातून ही केबल नेणे धोक्याचे आहे आणि वरून खरखरही शिरते. शिवाय आपल्या हयातीत या रामबागेत असे काम झालेले नाही. या तिन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. भियांनी खांदे उडवले आणि फोनच्याच पाइपाकडे मोर्चा वळवला.

स्वयंपाकघरापर्यंतची ओढाताण पाहता पाहता उरकली. माडीच्या पाइपाला मात्र दोन एल्बो होते, आणि काटकोनी एल्बोमधून दोरी ओढण्याची वेळ ज्याच्यावर आलेली नाही त्याने आपल्या पत्रिकेचे आभार मानावेत. नव्या केबलचे टोक जुनीला बांधून त्यावर टेप गुंडाळला, टॅल्कम पावडर चोळली, भिया माडीवर गेले आणि मी खाली केबल सरकवत उभा राहिलो. पाइपातून आवाज छान येतो, हा शोध त्या वेळी लागला. "छोड़ो!" असे वरून आले की मी सोडत होतो, "अरे धकेलो!" आले की ढकलत होतो, आणि या दोन आज्ञांमधल्या जागेत आमच्या घराण्याविषयी भियांची काही खासगी मतेही खाली येत होती. दुसऱ्या एल्बोपाशी केबल अडली. भियांनी जोर केला, नाना "हळू, हळू!" म्हणाले, आतून एक मऊसा 'टप' असा आवाज आला आणि जुनी तार तिच्या आयुष्यातले शेवटचे काम अर्धवट टाकून तुटली. त्यानंतर पाइपातून तार ओढायची स्प्रिंग आली, स्प्रिंगही अडकली, आणि शेवटी जिन्याखालचे प्लास्टर फोडून एल्बोच बदलावा लागला. भिंत फोडताना भिया आदराने म्हणाले, "क्या दीवार है भिया, छेनी वापस मार रही है." तेव्हा मला आजोबांचा अभिमान वाटला, पण नेहमीपेक्षा थोडा कमी.

स्विच कुठे बसवायचा यावर घरात जी चर्चा झाली ती मी थोडक्यात आटोपतो, कारण तिचे इतिवृत्त लिहायला वेगळी वही लागेल. देवघरापाशी इन्व्हर्टरचा पॉइंट आहे म्हणून ती जागा पुढे आली, आणि समईशेजारी लुकलुकणारे हिरवे दिवे आईला मंजूर नाहीत म्हणून मागे पडली. स्वयंपाकघर फोडणीच्या धुरामुळे बाद झाले. अखेर फोनचा कोनाडाच निश्चित झाला आणि काकूंनी कपाटाच्या तळातून क्रोशाचे आवरण काढून आणले. स्विच तापतो, त्याला वारा लागतो, हे त्यांना पटवण्यात एक अख्खी दुपार गेली. ते आवरण आता स्विचच्या खाली अंथरलेले आहे.

कनेक्टर बसवणे, ज्याला क्रिंपिंग म्हणतात, ते नाजूक काम आहे. केबलचे वरचे आवरण काढले की चार जोड्यांच्या आठ तारा हाती येतात, आणि प्रत्येक जोडीचा पीळ मुद्दाम वेगवेगळ्या घट्टपणाचा ठेवलेला असतो, म्हणजे एका जोडीचे बोलणे दुसरीत ऐकू जात नाही. जुन्या पॅरललवर वाढलेल्या आमच्या घराला ही व्यवस्था किंचित अपमानास्पद वाटली. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही, आठही तारा क्रमाने लावायच्या आणि तो क्रम न मोडता त्यांना प्लास्टिकच्या एवढ्याशा कनेक्टरच्या आठ खाचांत सरकवायचे. चिरंजीवांचा धीर सुटला, माझा चष्मा पुरेना आणि नानांचा हात थरथरू लागला. काकूंनी मात्र केबल मांडीवर घेतली, क्रोशाच्या सुईने एकेक तार विलग केली आणि चिरंजीव वाचून दाखवतील त्याप्रमाणे चिमटीत लावत गेल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

"थांब," काकू म्हणाल्या. "बाकीच्या जोड्या शेजारी-शेजारी आणि या हिरवीनंच निळीला मधे का घेतलंय? चुकलं असेल छापण्यात."

"चुकलेलं नाही," नाना एकदम ताठ बसून म्हणाले. "मधल्या दोन जागा फोनच्या. फोनची पिन चार आणि पाच नंबरवर बसते, म्हणून निळी जोडी मधे ठेवली आणि बाकीच्यांनी तिच्या भोवती जागा करून घेतली. आधी मान फोनचा." त्या दिवशी नाना चहाचा दुसरा कप न मागता प्याले.

सगळ्या खोल्यांत दिवे हिरवे झाले, दुसऱ्या दिवशी माडीवर मात्र पिवळा लागला. काही स्विचमध्ये पिवळा दिवा म्हणजे गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट असा संकेत असतो. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, म्हणून एखादी जोडी जायबंदी झाली की जोडणी तुटत नाही, नुसती मंदावते, आणि म्हणून असा दोष सापडायला उशीर होतो. आदल्या दिवशी तर सगळे बिनबोभाट चालले होते. कनेक्टर कापून नवे बसवले, काकूंना पुन्हा पाचारण केले, तरी पिवळे ते पिवळेच. भियांनी आपला टेस्टर लावला. एकापासून सहापर्यंतचे दिवे ओळीने लागले, सातवा लागला नाही, आठवा लागला. म्हणजे पांढरी-तपकिरी तार मध्येच कुठेतरी तुटली होती. भिया पाइपाच्या रेषेवरून हात फिरवत वर गेले आणि एका फ्रेमपाशी थांबले. ती चिरंजीवांच्या संगणक अभियांत्रिकीच्या पदवीची फ्रेम होती. नवा सॉकेट बसल्यावर फ्रेम त्याच्या तुलनेत तिरकी दिसते म्हणून सौभाग्यवतींनी ती वीतभर सरकवून, चांगला अडीच इंची खिळा ठोकून, पुन्हा लावली होती. खिळा काढला तेव्हा त्याच्या टोकाला तपकिरी प्लास्टिकचा बारीक धागा होता.

"लो भिया," भिया मनापासून म्हणाले, "डिग्री ने ही केबल काट दी."

केबल पुन्हा ओढली. एल्बो नवा असल्याने ती मुकाट्याने गेली, आणि माडीवरचा दिवा हिरवा झाला.

उरला काकूंचा फोन. लँडलाइनचा नंबर आम्ही फायबरवरही तोच ठेवला होता, पण त्याचे यंत्र फायबरच्या डबीपाशी ओसरीवर अडकून पडले होते, आणि ते आपल्या खोलीत हवे ही काकूंची एकमेव मागणी होती. नानांनी डोळे मिचकावले. डबीचे फोनचे तोंड त्यांनी काकूंच्या खोलीकडे जाणाऱ्या केबलच्या निळ्या जोडीला जोडले, आणि ते टोक स्विचमध्ये कुणी चुकूनही खुपसू नये म्हणून त्यावर लाल चिठ्ठी चिकटवली, कारण घंटी वाजताना त्या जोडीवर जो दाब चढतो तो स्विचला सोसणारा नाही. तो दाब काय असतो ते नानांना चांगले ठाऊक होते. तरुणपणी खांबावर चढून दातांनी तार सोलत असताना नेमकी कुणाची तरी घंटी आली होती, आणि तो कॉल कुणाचा होता हे त्यांनी पुढे एक्स्चेंजमधून शोधून काढले होते. मग काकूंच्या फोनची लहान पिन नव्या, रुंद सॉकेटच्या बरोबर मध्यावर बसली, आणि रिसीव्हरमध्ये डायल टोन आला.

चाचणी घेतो म्हणून नाना बोळ ओलांडून आपल्या घरी गेले. घंटी वाजली. काकूंनी पदर सावरून रिसीव्हर उचलला. नाना आयुष्यभर लांबच्या गावांच्या लाइनी तपासत आल्यामुळे फोनवर ओरडूनच बोलतात, आणि फायबरवरून जाणारा आवाज आधी आकड्यांत मोडून मग पुन्हा जुळवावा लागत असल्याने किंचित मागे राहतो. त्यामुळे नानांचे प्रत्येक वाक्य आधी खिडकीतून येत होते आणि मग रिसीव्हरमधून.

"हॅलो! आवाज कसा येतोय?" खिडकी म्हणाली, आणि मग फोन म्हणाला.

"दोनदा येतोय!" काकू म्हणाल्या. "नाना, तुम्ही फोन ठेवा बघू, त्यानं ऐकू येत नाहीये. नुसतंच बोला."